मर म्हणजे झाड

गुंजीच्या पुढं, रुळाच्या डाव्या अंगाला,
सागाच्या रोपवनात
आभाळ कोरडं असतानाही टपटप ऐकू येत होती.
मडिवाळप्पा गार्ड म्हणाला, पाऊस न्हवं त्यो, वर बघू नको.
मी वर बघितलं.
तोंडावर पडल्या काळ्या लेंड्या,
खसखशीएवढ्या.
अख्खं रान खाल्लं जात असतं
तेव्हा त्याचा असा आवाज होतो.

पानांच्या शिरा तेवढ्या उरलेल्या.
धाग्याला लोंबकळत अळ्या खाली उतरत होत्या
फिलूच्या अंबाड्यात, माझ्या पदरात,
डब्यातल्या भाकरीवर.
फिलू क्रूस करायची आणि झटकायची.
मी नुसतीच झटकायची.

पुडा आला तो बेळगावहून, जीपमधून.
लेबल कन्नड.
मडिवाळप्पानं एकेका शब्दावर बोट ठेवलं:
हुळु म्हणजे अळी.
मर म्हणजे झाड.
मला हसू आलं. आमच्यात मर म्हणजे, जा, मर.
आणि हुळु मला पहिल्यापासून हळूच ऐकू येतं.
हळू. मर.
तो म्हणाला, मग बरोबर वाचलीस की,
ह्या औषधाचं काम तसंच हाय.

वास आंबलेल्या पिठाचा.
जीपमधला साहेब सांगत होता, हे विष नव्हे,
हे जिवाणू आहेत, झोपलेले,
माणसाला काही नाही, म्हशीला नाही, मधमाशीला नाही,
अळीनं पानाबरोबर खाल्लं तरच.
म्हणजे जेवणातून, फिलू म्हणाली.
साहेबानं घड्याळ बघितलं.
उन्हात हे टिकत नाही, कलल्यावर मारा.

कलल्यावर मारलं.
ड्रम मी भरले, नाल्यापासून पंपापर्यंत
सव्वीस खेपा.
पाठीला पंप, तोंडाला पदर,
शेंड्यापर्यंत पोचेना तिथं बांबूला नळी बांधून.

सकाळी सगळ्या जिवंत.
खोटं औषध, टेंडरचं, असं पोरं बोलायला लागली.
मी एक तळहातावर घेतली.
पळाली नाही.
कोवळं पान तोंडाशी धरलं तर
तोंड लावलं तिनं,
आणि बाजूला केलं.
शेवटच्या आठवड्यात सासूनं
पेजेचा चमचा असाच परतवला होता,
राग नाही, काही नाही,
नको एवढंच.

तिसऱ्या दिवशी टपटप थांबली.
मघापर्यंत दबलेलं सगळं वर आलं मग,
लोंढ्याकडं जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजता येतील इतकं.
शिरांना काळ्या, मऊ अळ्या चिकटलेल्या.
साळुंक्या आल्या, टोच मारून खाल्ल्या,
मी दिवसभर साळुंक्यांवर लक्ष ठेवलं.
उडाल्या सगळ्या.

एक मात्र कुणाला सांगितलं नाही.
पंपात तांब्याभर उरलं होतं,
ओतायला जीव होईना,
चौकीमागच्या लिंबावर मारलं.
त्याच्यावरही अळ्या होत्या, पाखरानं शिटल्यासारख्या दिसणाऱ्या,
झाडाला चार पानांपलीकडं ज्यांचा त्रास नाही.
दरवर्षी त्यांची काळी-पिवळी फुलपाखरं
मडिवाळप्पाच्या टोपीवर बसतात,
तो तेवढा वेळ हलत नाही.
औंदा टोपी मोकळीच.
त्यानं विचारलं नाही.
लिंबाला पाला मात्र दाट.

साग फुटलेत परत, लालसर कोंब,
चुरगाळलं तर बोटं रंगतात.
मस्टरवर मी सही मराठीत करते,
कारकून दर शनिवारी म्हणतो, कन्नडात शिक.
दोन अक्षरं येतात आता, म आणि र,
मडिवाळप्पानं काटकीनं मातीत काढून दाखवलेली.
वाचताना आधी मरणं दिसतं,
झाड मागनं येतं.
तो म्हणतो, सवयीनं उलटं हुईल.
हुईल तवा हुईल.
पंप धुवायचा राहिलाय अजून,
आणि नळीत ते पीठ वाळलं की
सुईनंच काढावं लागतं.